मागच्या पायांचे पट्टे

मला घोड्यांची भीती वाटायची, आणि आमचं घर घोड्यांवर चालत होतं. पिंप्राळ्यात घरांची शेवटची ओळ जिथं संपायची तिथं आम्ही राहायचो. आता तिथं तीन मजली इमारती आहेत, पण तेव्हा घराच्या मागं तारेचं कुंपण घातलेली मोकळी जागा होती. तिला आम्ही वाडगं म्हणायचो. वाडग्यापलीकडे कुणाची तरी केळीची बाग होती. माझे वडील, आबा, लग्नात नवरदेवाला बसायला घोडी घेऊन जात. माय डाळ मिलमध्ये निवडायच्या कामाला जायची आणि संध्याकाळी परतली की तिच्या पदराला, केसांना तुरीच्या सालपटांचा पिवळसर भुगा लागलेला असायचा. आबांची मोठी बहीण अक्का आमच्याकडेच राहायची. तिचं शिलाई मशीन मधल्या खोलीत होतं आणि घरातला सगळ्यात ओळखीचा आवाज तोच. त्या खोलीची मागची भिंत वाडग्याला लागून होती. मशीन थांबलं की भिंतीपलीकडून कडबा चावल्याचा करकर आवाज यायचा, मग एक लांब फुरफुर. त्या फुरफुरीनं माझ्या अंगावर काटा यायचा. घोडीनं मला कधी चावलं नव्हतं, पाडलं नव्हतं. तरी लहानपणापासून मी पाण्याची बादली कुंपणाच्या आत ठेवायची आणि मागं न बघता पळत यायची.

आमची जुनी घोडी गंगी. ती इतकी शांत की लग्नात बँड कानाशी वाजला तरी डोळे मिटून उभी राहायची. तिचं वय झालं म्हणून आबांनी चाळीसगावकडच्या एका माणसाकडून काजळ आणली. तरुण, काळीभोर, आणि पाठीवर काही टाकलं की सगळं अंग थरथरवणारी. ती आली त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात वादळात आमच्या तबेल्याचे पत्रे उडून गेले होते आणि ते पुन्हा बसवायचे राहूनच गेले होते. त्यामुळे दोघी उघड्यावर. दिवाळी झाल्यावर एका सकाळी आबा काजळच्या पाठीवर लग्नातली जरीची झूल टाकून बघत होते. तिची एक झालर मागं घसरली आणि काजळच्या मांडीला लागली. मी दारात दात घासत उभी होते. लाथ मला दिसलीच नाही. मला फक्त आवाज आला, आणि मग आबा जमिनीवर बसलेले दिसले, दोन्ही हातांनी नडगी धरून. त्यांच्या पायाला मांडीपर्यंत प्लास्टर आलं. डॉक्टरांनी सांगितलं, दोन महिने खाटेवरून उठायचं नाही. मी तेव्हा दहावीत होते. माझी जी भीती इतकी वर्षं उगीच होती, तिला त्या सकाळी कारण मिळालं.

त्या वर्षी थंडीही लवकर पडली. आमच्याकडे लोक उन्हाळ्याचंच बोलतात, पण थंडीत पहाटे केळीच्या पानांवरून दव टपटप गळायचं आणि गंगीच्या पाठीवरची गोणपाटं ओली होऊन जड पडायची. ती खोकायला लागली. खोकली की तिच्या बरगड्या दिसायच्या. लग्नसराई तोंडावर होती आणि दोघींपैकी एक जरी आजारी पडली तरी घराचं अवघड होतं. आबा खाटेवरून म्हणाले, "अक्का, धुळाले जाय. दोन झुली आन. पाऊस, दव, काही बी येवो, पाठ कोरडी ऱ्हायनी पाहिजे." आमच्या घरात अहिराणीच चालायची. मी शाळेत पुस्तकी मराठी बोलायची, घरात नाही.

अक्का मला सोबत घेऊन गेली. एसटीत तिनं फडक्यात बांधलेली ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा काढला. ठेच्याचा वास पुढच्या सीटपर्यंत गेला आणि एका आजोबांनी वळून बघितलं, तर अक्कानं त्यांनाही चतकोर दिली. धुळ्यात ताडपत्री आणि तंबूच्या कापडाचं एक दुकान होतं. दुकानदार वयस्कर होते, चष्मा दोऱ्यानं बांधलेला. त्यांच्याकडे घोड्याच्या तयार झुली दोन प्रकारच्या होत्या. एक निळी, चकचकीत, वरून प्लास्टिकसारखी, आतून मऊ. हलकी इतकी की मी एका हातानं उचलली. छातीवर एक बकल, पोटाखाली एक पट्टा, झालं. दुसरी जाड सुती कॅनव्हासची, मातकट रंगाची, आत घोंगडीचं अस्तर. तिला छातीवर दोन पट्टे, पोटाखाली दोन एकमेकांना छेदणारे, आणि मागं आणखी दोन, घोड्याच्या मागच्या पायांमधून घेऊन पुन्हा बाजूला अडकवायचे.

अक्का कापडाच्या बाबतीत कुणाचं ऐकायची नाही. तिनं आधी निळी झूल तोंडावर धरली आणि श्वास सोडला. मग कॅनव्हासची धरली आणि श्वास सोडला. निळीच्या आतल्या बाजूला वाफ धरली होती.

"ही हवा जाऊ देत नाही, भाऊ," ती दुकानदारांना म्हणाली. परगावी ती जपून, पुस्तकी मराठीत बोलायची, आणि मीही. "घोडीला आत घाम येईल. बाहेरून कोरडी, आतून ओली. मग काय उपयोग?"

"पाणी मात्र थेंबभर आत जाणार नाही," ते म्हणाले. "आणि स्वस्त आहे."

"पाणी आणा तांब्याभर."

त्यांनी आणलं. अक्कानं कॅनव्हासची झोळी करून माझ्या हातात दोन कोपरे दिले, तिनं दोन धरले आणि त्यांना पाणी ओतायला सांगितलं. आम्ही तशाच उभ्या. दुकानदारांनी तेवढ्यात एक गिऱ्हाईक उरकलं. खालून कापड ओलसर झालं, पण थेंब पडला नाही. "पहिल्यांदा भिजलं की धागा फुगतो, मग आणखी घट्ट होतं," ते म्हणाले. अक्कानं मान हलवली, तिला ते माहीत होतं. मग तिनं शिवणी बघितल्या. निळीची एकेरी शिवण तिनं दोन अंगठ्यांनी ताणली तर टाक्यांच्या भोकांतून उजेड दिसला. कॅनव्हासची दुहेरी होती, मेण लावलेल्या दोऱ्याची, कडेनं नवार. तिनं पट्टे जिथं कापडाला जोडले होते ती जागा ओढून बघितली. "झूल फाटते ती इथंच," ती मला म्हणाली. "बाकी कापड चांगलं असून काय करायचं?"

"अक्का, निळीच घेऊ ना," मी म्हणाले. "हलकी आहे. पटकन घालता येते."

तिनं माझ्याकडे बघितलं. "घालायची तुलाच आहे, म्हणून म्हणतेस का?"

खरं तेच होतं. आबा खाटेवर, माय मिलमध्ये, अक्काचे गुडघे दुखायचे. झुली मलाच घालाव्या लागणार होत्या आणि मी मनात पट्टे मोजत होते. निळीचे दोन. कॅनव्हासचे सहा, त्यातले दोन घोडीच्या मागच्या पायांमधले. ज्या पायांनी आबांची नडगी मोडली, त्या पायांच्या मध्ये हात घालून मला बकल लावावं लागणार होतं.

"ते मागचे पट्टे उगीच नसतात, पोरी," दुकानदार म्हणाले. "वारा आला की झूल एका बाजूला फिरते. घोडं लोळलं तरी फिरते. एकदा पोटाखाली गेली की घोड्याला वाटतं, कुणीतरी धरलंय. मग ते कुणाचं राहत नाही. मागचे पट्टे असले की झूल फिरूनही जागेवर येते."

अक्काला दोन्ही कॅनव्हासच्याच हव्या होत्या, पण मापाची एकच शिल्लक होती. दुसरी शिवून मिळायला पंधरवडा लागला असता आणि गंगी खोकत होती. शेवटी एक कॅनव्हासची घेतली आणि एक निळी. परतताना अक्कानं मला तीन वेळा सांगितलं, "कॅनव्हासची काजळला. निळी गंगीला. गंगी खांबासारखी उभी राहते, तिच्या अंगावर काहीही टिकेल."

माझी एक पुतणी आता धुळे रस्त्यावर दोन घोडे पाळून मुलांना बसायला शिकवते. गेल्या महिन्यात तिनं मला मोबाईलवर सात-आठ झुलींचे फोटो पाठवले. एकीपेक्षा एक देखण्या, खाली बारीक अक्षरात गुणच गुण. "काकू, ह्यातली कोणती टिकेल?" मी चष्मा लावून पहिल्यांदा शेपटीकडची बाजू बघितली. म्हटलं, मागचे पट्टे आहेत का? ती म्हणाली, काहींना आहेत, पण रोज लावायची कटकट होते. तिला मी फोनवरच रागावले. इतकी वर्षं झाली तरी.

तेव्हा धुळ्याहून आल्यावर आठवडाभरातच चाळीसगावला अक्काच्या मुलीचे दिवस भरले म्हणून अक्का तिकडे गेली. जाईपर्यंत झुली तिच्या देखरेखीखाली घातल्या जात. काजळचे मागचे पट्टे ती स्वतः वाकून लावायची, गुडघे धरत, आणि मी पुढं काजळचा लगाम धरून डोळे मिटून उभी असायची. ती गेली त्या संध्याकाळी मी कॅनव्हासची झूल उचलली, काजळच्या पाठीवर टाकली, छातीचे पट्टे लावले, पोटाखालचे लावले. मग मागं गेले. तिनं शेपटी झटकली. मी तिथंच उभी राहिले. हात पुढं जाईना. केळीच्या बागेत कुणीतरी मोटर सुरू केली, काजळनं कान मागं घेतले, आणि मी सगळे पट्टे सोडले, झूल ओढून काढली आणि गंगीला घातली. गंगीचे मागचे पट्टे मी लावले, कारण गंगी हललीही नाही. निळी काजळला घातली. दोन पट्टे, काम संपलं.

आत गेले तर आबांनी विचारलं, "मागला पट्टा लायात का?"

"लाया," मी म्हणाले.

रोज तेच. रोज संध्याकाळी आबांचा तो प्रश्न, रोज माझं ते उत्तर. आबांची खाट मधल्या खोलीत होती, तिथून वाडगं दिसायचं नाही. मायला कोणती झूल कुणाची हे माहीत नव्हतं. ती सकाळी अंधारात चारा टाकून मिलला जायची. पण खोटं बोलायला लागल्यापासून माझं जेवण कमी झालं. माय रविवारी वांगी भाजून भरीत करायची, चुलीवर, मिरच्या आणि कांद्याची पात घालून. मी ते एरवी ताट चाटून खायची. त्या दिवसांत घास तोंडात फिरत राहायचा. रात्री वारा सुटला की निळी झूल वाजायची, सळसळ, सळसळ, आणि मी पांघरुणात ऐकत पडायची. एकदा आबांनी विचारलं, "तो आवाज कसाना शे?" मी म्हणाले, गंगीच्या झुलीचा. ते "बरं" म्हणाले.

मग तो दिवस आला. शनिवार होता, शाळा लवकर सुटलेली. दुपारपासून आभाळ काळं होत चाललं होतं, थंडीच्या दिवसांत न शोभणारं. मी पाऊस यायच्या आत झुली घातल्या आणि आत येऊन भाकरीचं पीठ मळायला घेतलं. वारा एकदम आला. केळीची पानं फाटल्याचा आवाज आला, एकामागून एक, आणि निळी झूल फडफडायला लागली. मग टापा. मग काहीतरी जोरात आपटलं आणि तारा खणखणल्या.

पिठाच्या हातांनी मी मागच्या दारात गेले. निळीचा पोटाखालचा पट्टा सैल पडला होता आणि सगळी झूल फिरून काजळच्या पोटाखाली आली होती. छातीचं बकल तसंच अडकलेलं. तिचे मागचे पाय त्या कापडावर पडत होते, आणि पडले की कापड तिची मान खाली ओढत होतं. ती घाबरून कुंपणावर गेली होती. एक मागचा पाय काटेरी तारेत आणि झुलीत एकत्र गुंतला होता. पायावरून रक्त वाहत होतं. तिच्या डोळ्यांचं पांढरं दिसत होतं. गंगी दूरच्या कोपऱ्यात, कॅनव्हासच्या झुलीत, वारा नसल्यासारखी उभी.

"मंदा, काय जयं?" आतून आबांचा आवाज.

मी काजळकडे बघत राहिले.

"मंदा. ती उभी शे का आडी?"

"उभी."

"पाय कोठे शे?"

"तारमा. तारमा अन झूलमा."

"कोनती झूल?"

मी दाराची चौकट धरली.

"कोनती झूल, मंदा?"

"निळी."

मला वाटलं, आता ते ओरडतील. पण त्यांचा आवाज उलट हळू झाला. "अक्कानी मोठी कात्री ली. पळू नको. तिना तोंडकडून जाय, डावी बाजूनी. जाताना बोलत ऱ्हाय."

"आबा, माले जमत नही."

"माय घर नही, अक्का नही. तू शे."

"काय बोलू तिच्याशी?" भीतीनं माझ्या तोंडून शाळेतली भाषा निघाली.

"काही बी बोल. शाळामा शिकाडं ते बोल."

मशीनच्या खणातली कात्री घेतली. पीठ तसंच हाताला, त्यामुळे ती हातात सरकत होती. पावसाचे मोठे थेंब पडायला लागले. मी काजळच्या डोक्याकडे चालत गेले आणि भूगोलातल्या तापीच्या उपनद्या म्हणायला लागले. पूर्णा, वाघूर, गिरणा. तिचे कान माझ्याकडे वळले. बोरी, पांझरा, बुराई. मग पुन्हा पूर्णापासून. तिचा श्वास माझ्या तोंडावर येत होता, गरम. मी खांद्यावर हात ठेवला तर खांदा कापत होता. माझाही हात कापत होता. कुणाचं कापणं कुणाला लागत होतं कळत नव्हतं.

"पहिले छातीवरना पट्टा काप," आबा म्हणाले. त्यांचा आवाज जवळून आला असं वाटलं, पण मी वळले नाही.

नवार जाड होती. चार वेळा कात्री चालवली तेव्हा तुटली. मान सुटली, काजळनं डोकं वर घेतलं, आणि मागचा पाय ओढला. तारा किंचाळल्यासारख्या वाजल्या.

"आते मांगे. हात पाठवरून खाली ने. उचलू नको. खाली बस."

पाठीवरून हात न उचलता मी मागं सरकले. पाठ, कंबर, मांडी. तिच्या मागच्या पायांशी येऊन चिखलात बसले. जिथं एक बकल लावायची माझी हिंमत झाली नव्हती तिथं आता माझं डोकं होतं. काटे कापडात रुतले होते आणि कापड खुराभोवती पिळून बसलं होतं. मी कापत गेले. पूर्णा, वाघूर. कापड ओलं झाल्यावर कात्रीला लागेना, मी दोन्ही हातांनी दाबली. गिरणा. गिरणापाशी कापड सुटलं. काजळनं पाय झटकला, खूर माझ्या कानाजवळून गेला आणि कुंपणाच्या लोखंडी खांबावर आदळला. मी उताणी पडले. ती तीन पायांवर लंगडत गंगीकडे गेली आणि तिच्या अंगाला अंग लावून उभी राहिली.

मी वळून बघितलं तेव्हा आबा मागच्या दाराच्या उंबऱ्यावर पडलेले होते. प्लास्टरचा पाय ओढत ते खाटेवरून तिथपर्यंत आले होते. कोपरं सोललेली, सदरा पावसात भिजलेला. "मी शे आठे," ते म्हणाले. "मी शे." बहुतेक ते किती तरी वेळ तेच म्हणत होते, मी इथं आहे.

जनावरांच्या डॉक्टरांनी जखमेला टाके घातले. काजळचा पाय वाचला, पण त्या सराईत तिला एकाही लग्नाला जाता आलं नाही. लग्नापुरत्या रोजानं लावलेल्या माणसाबरोबर एकट्या म्हाताऱ्या गंगीला सगळी सराई ओढावी लागली. आबांच्या प्लास्टरला तडा गेला होता, ते बदलावं लागलं आणि खाटेवरचा मुक्काम लांबला. मायनं मला काही विचारलं नाही. पण मला राहवेना. चार दिवसांनी आबांना हळद घातलेलं दूध द्यायला गेले तेव्हा मी सगळं सांगितलं. रोजचं खोटंसुद्धा.

आबांनी पेला खाली ठेवला. "माले माहीत व्हतं," ते म्हणाले.

"कसं काय?"

"आवाजवरून. गंगी हालस का कधी? सळसळ येस ती हालणारीनी."

मग त्यांनी जे सांगितलं ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तो आवाज पहिल्याच रात्री त्यांच्या लक्षात आला होता. मला सुनावायचं त्यांनी रोज ठरवलं आणि रोज टाळलं. कारण सुनावलं असतं तर मी दुसऱ्या दिवशी काजळच्या मागं गेले असते, आणि मी मागं जाणार ह्याच विचारानं त्यांना घाम फुटायचा. "लाया" हे उत्तर खोटं आहे हे माहीत असून ते रोज विचारायचे, आणि ते ऐकून त्यांना बरं वाटायचं. "माले बी भ्याव वाटस तिनं," ते म्हणाले. "लाथ बसनी तवयपासून." ज्या माणसाला मी कशालाच घाबरताना बघितलं नव्हतं, तो माझ्या नजरेला नजर देत नव्हता. मला त्यांच्याबद्दल वाईट वाटलं आणि, खरं सांगते, थोडा रागही आला. ते बोलले असते तर काजळचा पाय धड राहिला असता. मी बोलले असते तरी.

वादळानंतर धुळ्याच्या दुकानात सांगून ठेवलेली दुसरी कॅनव्हासची झूल शिवून आली तेव्हा आबा काठी घेऊन चार पावलं चालू लागले होते. थंडीचे शेवटचे दिवस. उन्हं कलायला लागल्यावर त्यांनी मला हाक मारली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून वाडग्यात आले, लाथ बसल्यानंतर पहिल्यांदाच. काजळनं त्यांना ओळखलं, नाक पुढं केलं. झूल आम्ही दोघांनी मिळून टाकली. छातीचे पट्टे, पोटाखालचे पट्टे. मग मागं आलो आणि थांबलो. आबांनी वाकून पट्टा हातात घेतला. त्यांच्या हातातलं बकल टकटक वाजत होतं. काजळनं नुसतं वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर टाकलं, तेवढ्यानं आम्ही दोघंही एकदम मागं सरलो. आबांची काठी सुटली, मी त्यांना कमरेला धरलं. काजळ मान वळवून आमच्याकडे बघत होती.

आबा धापा टाकत उभे राहिले. मग म्हणाले, "चाल, परत."

आम्ही पुन्हा तिच्या मागं गेलो. एका बाजूनं त्यांनी पट्टा पायांमधून दिला, दुसऱ्या बाजूनं मी हात घालून तो धरला. तिच्या मांड्यांच्या आतली कातडी मऊ आणि ऊबदार होती, मला कधी वाटलं नव्हतं इतकी. बकल लागलं. दुसरं मी एकटीनं लावलं, आबांचा हात माझ्या पाठीवर होता आणि तो अजूनही कापत होता.